सांभाळणारीला कोण सांभाळणार?

म्हाताऱ्या माणसाच्या विसरण्याला आपल्याकडे नावे पुष्कळ आहेत. म्हातारचळ म्हणतात, चळ लागला म्हणतात, भ्रम झाला म्हणतात. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर पोरासोरांनाही पाठ असते. यातले एकही नाव आजाराचे नाही. वय झाले की असे व्हायचेच, त्याला कोण काय करणार, असाच त्या नावांचा सूर असतो. त्यामुळे कितीतरी घरांत हा आजार वर्षानुवर्षे बिनानावाचा राहतो. आणि त्या आजारी माणसाजवळ रात्रंदिवस असणाऱ्या बाईला काय होते, ते तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या लेखात मला त्या दुसऱ्या माणसाबद्दल लिहायचे आहे. परंतु आधी आजाराबद्दल चार शब्द सांगितले पाहिजेत.

या आजाराला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात एका रेल्वे नोकरदाराने आपल्या बायकोला आणून दाखल केले. बाई जेमतेम पन्नाशीची होती. विसरायची, नवऱ्यावर संशय घ्यायची, घरात सैरभैर फिरायची. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला तपासले. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा त्यांनी तिच्या मेंदूचा अभ्यास करून त्यात झालेले बदल जगापुढे मांडले. त्या डॉक्टरांचे नाव आजाराला मिळाले, त्या बाईचेही नाव पुस्तकांत राहिले. पण रुग्णालयात आणण्यापूर्वी त्या नवऱ्याने घरात किती रात्री जागून काढल्या असतील, तिकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. आजही तेच चालले आहे.

यात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. आधी कालचे विसरते, मग सकाळचे, मग हातात काय धरले आहे तेही. जुने मात्र बराच काळ टिकते. लेकाचे नाव न आठवणारी आजी विहारात बसवली की त्रिशरण-पंचशील सगळ्यांच्या बरोबरीने म्हणते. वामनदादा कर्डकांचे एखादे जुने गाणे कानावर पडले की ओठ हलतात, हात टाळी धरतो. घरच्यांना वाटते, हे बरे आठवते, मग आपले नावच कसे आठवत नाही? मुद्दाम करते! पण ती मुद्दाम करीत नाही. चालीवर पाठ झालेले आणि लहानपणी रुजलेले मेंदूतून सर्वांत शेवटी जाते.

दुसऱ्या घरांत आणखी वाईट घडते. रात्री उठून वेशीपर्यंत जाणारी, स्वतःशी पुटपुटणारी, ‘माझी गठुडी कोणी नेली’ म्हणून शेजारणीवर आळ घेणारी म्हातारी दिसली, की आपल्या मराठवाड्यात भानामतीचा विषय निघायला वेळ लागत नाही. कोणी म्हणते हिच्यावर कोणी करणी केली, कोणी म्हणते हीच करते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनसुद्धा म्हातारीला गुपचूप ‘बाहेरचं बघायला’ नेल्याचे मी ऐकले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. कायदा आहे, पण संकट घरात आले की भीती कायद्याच्या पुढे धावते. नुसती टिंगल करून ही भीती जात नाही. ‘हे मेंदूचे दुखणे आहे’ असे कोणी तरी विश्वासाचे माणूस शांतपणे सांगते, तेव्हा जाते.

आता हा आजार किती आहे? देशभरातल्या वृद्धांची पाहणी करून २०२३ साली एक अंदाज प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढच्या लोकांत शंभरामागे सात-साडेसात जणांना, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने हा आजार वाढवणारी १४ कारणे सांगितली. ती आटोक्यात ठेवता आली तर जगातले जवळपास ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील, असे त्यांचे म्हणणे. त्यात रक्तदाब आहे, साखर आहे, तंबाखू ओढणे आहे, दारू आहे, ऐकू न येणे, नीट न दिसणे, एकटेपणा आहे. आणि अगदी लहानपणचे कारण म्हणजे शिक्षण कमी मिळणे.

हे वाचले तेव्हा मी थबकले. आज पंचाहत्तरीला आलेल्या आपल्या आया-आज्या १९५० च्या आगेमागे जन्मलेल्या. त्याच १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. त्याच काळात खेड्यातल्या या मुली मात्र पाटी धरायच्या वयात सरपण गोळा करीत होत्या, पाटलाच्या वाड्यामागे शेण काढीत होत्या. ज्यांना शाळेचा उंबरा ओलांडू दिला नाही, त्यांच्याकडून त्याची किंमत म्हातारपणीही वसूल होते आहे. मग त्यांच्या विसरण्याला हसायचे कोणी आणि कोणाला?

आपल्या बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो ऊसतोडीचा. दसरा झाला की टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती खर्चूनही झालेली असते. मागे गावात राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली लेकरे. आता त्या म्हातारीलाच सांभाळायला माणूस लागत असेल तर? बरोबर न्यावी तर उसाच्या फडाजवळच्या कोपीत, परक्या जागी, ती आणखी बावचळते. रात्री कोठे निघून जाईल याचा नेम नाही. गावात ठेवावी तर कोणाच्या भरवशावर? शेवटी सून मागे राहते. कोयता अर्धा होतो, कमाई अर्धी होते, उचल मात्र पुरी फेडायची असते. मग दहा वर्षांच्या नातीची शाळा बुडते, ते वेगळेच.

केज तालुक्यातल्या अशाच मागे राहिलेल्या एका सुनेची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगणार नाही. विहारातल्या महिला मंडळाच्या बैठकीनंतर सगळ्या गेल्या तरी ती चपला शोधण्याच्या निमित्ताने रेंगाळली, तेव्हा ती बोलली. वय पस्तिशीचे, सासू पंचाहत्तरच्या पुढची. दिवसभर आत्याबाई बऱ्या असायच्या, पण दिवस मावळायला लागला की गाठोडे बांधून दारात उभ्या. ‘मला माझ्या घरी सोड.’ ही म्हणायची, ‘आत्याबाई, हेच घर हाय तुमचं.’ त्या म्हणायच्या, ‘तू कोण? मला डांबून ठेवलंस. माझी माय वाट बघती.’ माय मरून चाळीस वर्षे झालेली! एका संध्याकाळी हेच बोलणे वीस-पंचवीस वेळा. एके दिवशी लेकरू तापाने फणफणलेले, चुलीवर भाकरी करपलेली, आणि आत्याबाईंनी हिच्या दंडाला चावा घेतला. हिचा हात उठला.

‘ताई, मी मारलं त्यांला,’ ती म्हणाली. ‘एकच चापट. पण त्या लहान लेकरावानी रडल्या. आन् पाच मिंटांनी इसरूनबी गेल्या. म्या नाही इसरले.’

तेव्हापासून तिची झोप गेली. दिवेलागणीची वेळ जवळ आली की छातीत धडधड, हातपाय गार, घशात गोळा. आत्याबाईंचे पाऊल वाजले की पोटात कळ. आपल्या काळजालाच काही झाले असे समजून ती तालुक्याला एका दवाखान्यात गेली. पट्टी काढली, ती बरोबर निघाली. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका, आणि गोळ्या दिल्या. टेन्शन न घेण्याची गोळी मात्र त्यात नव्हती.

या धडधडीला, या झोप उडण्याला नाव आहे. ती चिंतेची अवस्था आहे. दीर्घकाळ कोणाचे आजारपण एकट्याने काढणाऱ्या माणसाला ती हमखास गाठते. तिची लक्षणे कधी शरीरात दिसतात, कधी स्वभावात. चिडचिड होते, अकारण रडू येते, आपले काही चुकले तर म्हातारी मरेल अशी भीती वाटते. आणि त्याच्या जोडीला एक विचार येतो, जो कोणी कोणाला सांगत नाही: ‘यातनं हिची सुटका कधी होईल, आन् माझी?’ असा विचार मनात आला म्हणून ती सून वाईट ठरत नाही. ती थकलेली असते.

आशाताईने तिला एक नंबर लिहून दिला होता, १४४१६. दहा-बारा दिवस तो कागद कणगीच्या फटीत पडून होता. मग एका दुपारी आत्याबाई लवंडल्या असताना गोठ्यामागे जाऊन तिने फोन लावला. पलीकडून मराठीत बाईचा आवाज आला. पहिली काही मिनिटे ही फक्त रडली. पलीकडच्या बाईने फोन ठेवला नाही, घाईही केली नाही. रडे ओसरल्यावर तिने विचारले, ‘तुम्ही आज जेवलात का?’ हिला म्हणे तेव्हा आठवले की आपण सकाळपासून नुसता चहा प्यालो आहोत.

पुढे त्या समुपदेशक बाईने बारीकसारीक चौकशी केली. त्या घरी जायचे म्हणतात ते कोणत्या वेळेला? त्याच्या आधी घरात काय चाललेले असते? उजेड असतो का? तुम्ही काय म्हणता, मग त्या काय करतात? आणि मग दोन-तीन गोष्टी सुचवल्या. दिवस मावळायच्या आधीच बल्ब लावा. अंधुक उजेडात सावल्या दिसतात, त्याने त्या घाबरत असतील. त्या वेळेला हातात काही काम द्या. शेंगा फोडायला द्या, डाळ निवडायला द्या, चुकीची निवडली तरी चालेल. ‘हेच घर तुमचं’ असे पटवत बसू नका. मेंदूला पटत नाही ते तोंडाने पटत नाही. म्हणा, ‘बरं, चहा घेऊ आन् निघू.’ वाटले तर दोन घरे ओलांडून परत आणा. आणि आपल्याच छातीत धडधड सुरू झाली तर श्वास मोजत सावकाश सोडायचा, हेही शिकवले. आनापानाचा अभ्यास केलेल्या उपासिकांना यात नवीन काही वाटणार नाही. पण भाकरी करपत असताना तो आठवावा लागतो, हे खरे.

शेवटी तिने सांगितले, आत्याबाईंची तपासणी करून घ्या. थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, खोल उदासी अशा काही कारणांनी आलेले विसरणे उपचाराने सुधारू शकते. आत्याबाईंच्या तपासणीत तसे काही निघाले नाही, आजार तोच निघाला. त्या बऱ्या झालेल्या नाहीत आणि होणारही नाहीत. हा आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. पण सुनेने त्यानंतर आणखी तीनदा फोन केला. संध्याकाळ आता ‘जाते कशीबशी’ असे ती म्हणाली. हात पुन्हा उठलेला नाही.

या सेवेचे नाव टेलि-मानस. २०२२-२३ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ती जाहीर झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिचे मध्यवर्ती मार्गदर्शन करते. महाराष्ट्रात या सेवेचे जे कक्ष आहेत, त्यातला एक आपल्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला आहे! अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगावला वृद्धत्व आरोग्य व मानसिक आजार केंद्राची मोठी इमारत आहे. बहुतेकांना ती २०२० च्या कोरोनात तेथे झालेल्या रुग्णालयामुळे माहीत. वृद्धांच्या मानसिक आजारासाठी म्हणून जिल्ह्यात अशी काही जागा आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

फोन कसा लावायचा? मोबाईलवरून सरळ १४४१६ दाबायचे. पुढे शून्य नाही, कोड नाही. न लागल्यास १८००-८९१-४४१६. पैसे पडत नाहीत. रात्री दोन वाजताही लागतो, सुट्टीच्या दिवशीही लागतो. आधी भाषा निवडायला सांगतात, मराठी निवडायची. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. त्यांना वाटले की हे डॉक्टरांचे काम आहे, तर ते मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात कोठे जायचे ते सांगतात. २०२५ च्या मध्यापर्यंत देशभरातून वीस लाखांहून अधिक फोन या सेवेला आले. त्यातल्या बहुतेकांच्या तक्रारी झोप न येणे, उदास वाटणे, ताण आणि चिंता या होत्या. म्हणजे आपल्या सुनेच्याच की!

‘फोनवर बोलून काय होणार?’ असे पुष्कळ जण विचारतात. मी पडले कारकून, वाणिज्य शाखेची. हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा हिशेबच मांडू. आष्टी तालुक्यातल्या वस्तीवरून अंबाजोगाई शंभर किलोमीटरहून जास्त. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. ऑगस्ट २०२२ पासून फुकट, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. म्हणजे भाड्याचा प्रश्न बराचसा सुटला. पण सांभाळणारीची रोजंदारी बुडते. एकटीने नेणे जमत नाही म्हणून बरोबर आलेल्या दिराचीही बुडते. गर्दीत बावरलेली म्हातारी कोठे उतरून जाईल याचा घोर दिवसभर. एवढे करून डॉक्टर तपासणार म्हातारीला, सुनेला नाही! सुनेने स्वतःसाठी असा दिवस मागितला तर घरातून काय उत्तर येईल, ते येथे लिहायची गरज नाही. फोनला यातले काही लागत नाही. शिवाय ‘येड्याच्या डॉक्टराकडं गेली’ हा बोभाटा होत नाही.

फोनलाही अडचणी आहेत. पुष्कळ घरांत एकच मोबाईल असतो आणि तो नवऱ्याच्या नाही तर पोराच्या खिशात असतो. दोन खोल्यांच्या घरात एकांत कोठून आणायचा? मला आठवतात ते एस.टी.डी.चे बूथ. काचेच्या कपाटात उभे राहून, मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत, भाऊ मुंबईहून बोलायचा ते ऐकायचे. पैसे पळायचे, पण दार लावता यायचे. आज मीटर नाही आणि दारही नाही. म्हणून ही सून गोठ्यामागे गेली. दुसरी एक धुणे घेऊन विहिरीवर जाते आणि तेथून बोलते.

बोलण्याचा गुण येतो, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या अडीचशे कुटुंबीयांवर झालेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत सोळा फोन. एका गटाला मार्गदर्शन करणारे फोन, दुसऱ्या गटाला नुसते आपुलकीने ऐकून घेणारे फोन. मार्गदर्शन मिळालेल्या गटाची उदासी दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली. त्याआधी, २०१३ मध्ये, लंडनला अशाच सांभाळणाऱ्यांना घरी भेटून आठ बैठकांत शिकवले गेले. शिकवणारे मोठे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्र शिकलेली तरुण मुले-मुली होती. तेथेही चिंता आणि उदासी घटली.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती आपल्या शेजारची, गोव्याची गोष्ट. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारदेस आणि तिसवाडी तालुक्यांतली ८१ कुटुंबे घेतली. बाहेरचे तज्ज्ञ आणले नाहीत. स्थानिक, साधारण शिकलेल्या माणसांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले आणि सहा महिने घरोघर पाठवले. आजार काय आहे ते सांगायचे, वागण्याच्या अडचणींवर उपाय सुचवायचे, सरकारी योजना सांगायच्या, गरज पडली तर डॉक्टर गाठून द्यायचा. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले. बारावी झालेल्या आपल्या विहारातल्या मुली हे काम करू शकणार नाहीत काय? मला तर वाटते, त्या फोनवरूनसुद्धा करू शकतील.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. टेलि-मानस ही सर्वांसाठीची सेवा आहे. परीक्षेत नापास झालेला मुलगाही तेथेच फोन करतो, कर्जात बुडालेला शेतकरीही. स्मृतिभ्रंशाच्या घरांसाठी ती खास बनवलेली नाही. अमेरिकेत सोळा फोन ठरवून, ओळीने, सहा महिने झाले होते. येथे फोन आपण करायचा आणि पुन्हाही आपणच करायचा. जखमेवर पट्टी बांधणे वेगळे आणि जखम भरेपर्यंत रोज बदलणे वेगळे. तेव्हा पहिल्या फोननंतर ‘झालं बोलून’ म्हणून थांबू नये. दुसरा कधी करायचा ते तेव्हाच विचारून घ्यावे, आणि आधी काय सांगितले गेले ते वहीत लिहून ठेवावे. आणि अंबाजोगाईत कक्ष आहे, वृद्धांचे केंद्र आहे, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग आहे, तर या घरांना दर पंधरा दिवसांनी तिकडूनच फोन जाईल अशी सोय मागायला आपल्या कार्यकर्त्यांनी का जाऊ नये? रस्ता-गटारीची निवेदने आपण देतोच.

विनयपिटकातल्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली, उचलून मंचकावर निजवले. एवढी गोष्ट आपण विहारात पुष्कळदा ऐकतो. त्यापुढचा भाग कमी ऐकतो. तथागतांनी संघाला बोलावून आजाऱ्याची जबाबदारी ओळीने वाटून दिली: आधी गुरूची, शिष्याची, सोबत राहणाऱ्याची, आणि कोणीच नसेल तर सगळ्या संघाची. एकट्या आनंदाच्या गळ्यात ते काम बांधले नाही. शिवाय काही रुग्ण सेवा करायला अवघड असतात, औषध घेत नाहीत, आपले दुखणे नीट सांगत नाहीत, हेही तेथे सरळ कबूल केले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी हे ओळखले होते! आपल्या घरात मात्र सून थकली म्हटली की ‘आम्ही नाही का केलं?’ असे ऐकवतात.

आता पुण्या-मुंबईला राहणाऱ्या भावांसाठी. दर रविवारी फोन करून ‘आईला काय खायला घातलं, गोळ्या दिल्या का, आई वाळली कशी’ असे विचारणारे भाऊ मी बघते. हे उंटावरून शेळ्या हाकणे झाले. त्या फोननंतर वहिनीची रात्र जाते. फोन करायचाच तर पहिला प्रश्न ‘वहिनी, तुमची झोप होते का?’ असा असावा, आणि दुसरा ‘मी कोणत्या महिन्यात येऊन आईजवळ राहू?’ असा. पंधरा दिवस आईला सांभाळून बघितलेला भाऊ पुन्हा वाळण्याबद्दल बोलत नाही, हा माझा अनुभव आहे.

काही गोष्टी फोनवर सोडू नयेत. कालपर्यंत बरी असलेली म्हातारी एक-दोन दिवसांत एकदम बरळायला लागली, ग्लानीत गेली, ताप आहे, लघवी होत नाही किंवा जळजळते, तर तो स्मृतिभ्रंश समजून बसू नये. ते दुसरे काही तरी असते आणि दवाखान्यात लगेच न्यावे लागते. झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून देऊ नयेत. त्याने म्हातारी माणसे पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. खाटेला दोरीने बांधणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांच्यावर ओरडून उपयोग नसतो. बांधणारी बाई त्या वेळेला पाणी आणायला गेलेली असते. तिच्याऐवजी पाणी कोण आणील ते बघावे. बाहेर निघून जाणाऱ्या माणसाच्या लुगड्याच्या पदराला किंवा सदऱ्याच्या आतून गावाचे नाव आणि फोन नंबर कापडावर लिहून शिवून टाकावा. निघून गेलीच तर संध्याकाळची वाट न बघता ११२ ला कळवावे.

वृद्धांसाठी आणखी एक नंबर आहे, १४५६७. ती ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन, १ ऑक्टोबर २०२१ पासून देशभर सुरू झालेली. सकाळी आठ ते रात्री आठ चालते. महाराष्ट्रात पुण्याचे जनसेवा फाउंडेशन ती चालवते. पेन्शन, कायद्याची माहिती, टाकून दिलेल्या वृद्धाची सोय अशा कामांसाठी तो नंबर लावावा. पासष्टीच्या पुढच्या निराधार वृद्धांना श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून महिना दीड हजार रुपये झाले आहेत. ज्या घरात कोयता अर्धा झाला त्या घराला तेवढाच आधार. अर्ज तहसीलला करायचा. कागदपत्रांत अडले तर त्यासाठी आमच्या मंडळाच्या बायका रविवारी सकाळी विहारात बसतात. गेल्या महिन्यापासून आम्ही तेथील भिंतीवर १४४१६ हा नंबर मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवला आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मोबाईलमध्ये मुली तो साठवून देतात, आणि आकड्यांऐवजी ‘ताई’ असे नाव घालतात. म्हणजे कोणी फोन हातात घेऊन बघितलाच तर विचारणार नाही, ही कोण म्हणून.